तेच की तसंच?

जावा या संगणकभाषेत दोन मजकूर सारखे आहेत का हे विचारायच्या दोन रीती आहेत, आणि त्यातली जी आधी हाताला लागते ती चुकीची आहे. चुकीची असून ती पुष्कळदा बरोबर उत्तर देते, सगळी गोची तिथं आहे. कायम चुकीचं उत्तर देणारी असती तर पहिल्याच प्रॅक्टिकलला पोरांनी ती सोडून दिली असती.

मी लातूरला डिप्लोमाच्या पोरांना जावा शिकवते आणि राहते रेणापूरला, सासरी. परीक्षेत हा प्रश्न ठरलेला असतो: 'डबल इक्वल टू' (==) आणि 'इक्वल्स' यांतला फरक लिहा. पोरं मधोमध उभी रेघ मारतात, डावीकडे 'रेफरन्सची तुलना', उजवीकडे 'मजकुराची तुलना' असं पाठ केलेलं उतरवतात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तीच पोरं पासवर्ड तपासायला डबल इक्वल टू लिहितात. त्यांना फार बोलण्यात अर्थ नाही. पहिलीपासून दोन गोष्टी समान आहेत हे दाखवायला आडव्या रेघाच काढल्यात त्यांनी. जावानं त्या रेघांना भलतंच काम लावून दिलंय, आणि हा भाषेचाच दोष आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

काम काय लावलंय ते सांगते. जावात व्हेरिएबलच्या पोटात मजकूर नसतो. मजकूर मेमरीत कुठंतरी असतो. व्हेरिएबलमध्ये असतो फक्त त्याचा पत्ता. या पत्त्याला रेफरन्स म्हणतात. बसस्थानकाच्या भिंतीवर गाड्यांच्या वेळांचा फलक रंगवलेला आहे असं धरा. तुम्ही लातूरची गाडी किती वाजता म्हणून विचारलंत, मी फलकाकडे बोट दाखवलं. तुमच्या मागून आलेल्या म्हातारीनं अंबाजोगाईची विचारली, तिलाही मी तिकडंच बोट दाखवलं. बोटं दोन, फलक एक. एखादा चौकस माणूस मात्र सगळ्या वेळा कागदावर उतरवून खिशात घालतो. कागदावरचा मजकूर आणि फलकावरचा मजकूर यांत काना-मात्रेचा फरक नाही, पण कागद म्हणजे फलक नव्हे. डबल इक्वल टू विचारतं, दोन्ही बोटं एकाच वस्तूकडे आहेत का? इक्वल्स विचारतं, दोन्हीकडे लिहिलेलं एकच आहे का?

आता जावाची हुशारी. कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर ती फलकासारखा वागवते. "रेणापूर" असं तुम्ही दहा ठिकाणी लिहा. जावा मेमरीत 'रेणापूर' एकदाच ठेवते आणि दहाही ठिकाणांना त्याच एका प्रतीचा पत्ता देते. जावात मजकुराला स्ट्रिंग म्हणतात, म्हणून या साठ्याला स्ट्रिंग पूल म्हणतात आणि असं एकाच प्रतीवर आणून बसवण्याला इंटर्निंग. हे नशिबावर सोडलेलं नाही. भाषेच्या अधिकृत नियमातच लिहिलेलं आहे, आणि मजकूर वेगवेगळ्या फायलींत, वेगवेगळ्या क्लासमध्ये असला तरी तो नियम लागू आहे.

एकच प्रत सगळ्यांनी वापरायची तर तिच्यात कुणी खाडाखोड करता कामा नये. फलकावर कुणी वाह्यात पोरानं सातचे नऊ केले तर स्थानकातल्या सगळ्यांचीच गाडी चुकायची. म्हणून जावातली स्ट्रिंग एकदा झाली की बदलतच नाही. 'रेणापूर' मधला 'र' काढून 'ल' घाला म्हटलं तर जावा जुन्या मजकुराला हातही लावत नाही, नवीन स्ट्रिंग बनवून देते. पोरांना हा हट्ट वाटतो, पण हा हट्ट नसता तर पूल ठेवताच आला नसता.

थोडं कोडच्या जवळ जाऊ. जावाचे राखीव शब्द रोमन लिपीत असतात, पण व्हेरिएबलला देवनागरी नाव दिलेलं तिला चालतं. मी वर्गात मुद्दाम तसं लिहून दाखवते, पोरांची झोप उडते.

गाव१ = "रेणापूर"
गाव२ = "रेणापूर"

गाव१ == गाव२ विचारलं की उत्तर येतं खरं. दोन्ही बोटं पूलमधल्या एकाच प्रतीकडे. आता 'न्यू' वापरून तिसरं गाव केलं, म्हणजे 'मला स्वतंत्र प्रत हवी' असं जावाला बजावून सांगितलं, की गाव१ == गाव३ खोटं. इक्वल्सनं विचारा, खरं. इथवर पोरं मान डोलावतात. मग मी लिहिते:

गाव४ = "रेणा" + "पूर"

आणि विचारते, गाव१ == गाव४ काय येईल? अर्धा वर्ग खोटं म्हणतो. येतं खरं, कारण दोन्ही तुकडे कोडमध्येच लिहिलेले असल्यामुळे कंपाइलर प्रोग्राम चालायच्या आधीच ते जोडून एक 'रेणापूर' करून टाकतो. आता 'पूर' हा तुकडा आधी 'शेपूट' नावाच्या साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि मग "रेणा" + शेपूट असं जोडायचं. अक्षरं तीच, पडद्यावर उमटतं तेच, पण आता उत्तर खोटं. जोडणी प्रोग्राम चालताना झाली, नवीन प्रत बनली, पूलशी तिचा संबंध नाही. शेपूटच्या आधी 'फायनल' हा एक शब्द लिहा, म्हणजे 'हे बदलणार नाही' अशी हमी द्या, की कंपाइलर पुन्हा आधीच जोडून टाकतो आणि उत्तर परत खरं. एका शब्दानं खऱ्याचं खोटं आणि खोट्याचं खरं होतं म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरंही पुढं सरकतात.

पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला गेलेली पोरं एक प्रश्न हमखास घेऊन येतात: 'न्यू स्ट्रिंग, कंसात अवतरणचिन्हांत रेणापूर' असं लिहिलं तर ऑब्जेक्ट किती तयार होतात? अपेक्षित उत्तर दोन, एक पूलमधला आणि एक 'न्यू' चा. पूलमधला आधीच असेल तर एकच. माझ्या मते हा प्रश्न विचारणाऱ्याला असं कोड कुणी का लिहावं हे विचारायला हवं. कारण तसं लिहायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही. खऱ्या कामात नवीन प्रती 'न्यू' लिहून बनत नाहीत. त्या गुपचूप बनतात: कीबोर्डवरून टाइप केलं की, फाइल वाचली की, डेटाबेसमधून नोंद आणली की. परीक्षेला 'न्यू' चं उदाहरण पाठ केलेल्या पोराला वाटतं, मी न्यू लिहिलंच नाही, म्हणजे मला काही धोका नाही.

आमच्या घरी नेमकं हेच झालं. दीर कृषी सेवा केंद्र चालवतात. रेणापूरसारख्या गावात बियाण्याच्या दुकानाचा निम्मा व्यवहार उधारीवर. मृगाच्या आधी सोयाबीनचं बियाणं, डीएपी उचलायचं आणि सोयाबीन बाजारात गेलं की दसरा-दिवाळीच्या सुमाराला पैसे भरायचे, ही रीत. भावजींची लाल वही सगळ्या तालुक्याला माहीत. पानगावचे, खरोळ्याचे, पोहरेगावचे, दर्जी बोरगावचे, सगळ्यांची पानं तिच्यात. पुतण्या डिप्लोमाला आहे, त्यानं मनावर घेतलं की ही वही संगणकावर आणायची, आणि जावातच आणायची. प्रत्येक नोंदीला नाव, माल, रक्कम आणि एक शेरा: "बाकी" किंवा "जमा". कुणाकडे येणं आहे ते बघायला एक बटण. बटण दाबलं की प्रोग्राम सगळ्या नोंदी चाळतो, शेरा == "बाकी" असेल त्या दाखवतो.

संध्याकाळी त्यानं बसून नोंदी भरल्या, बटण दाबलं, यादी आली. घरात कौतुक झालं. सकाळी भावजींनी दुकान उघडलं, प्रोग्राम चालू केला, बटण दाबलं आणि पडदा कोरा. एक गिऱ्हाईक बाकीदार नाही.

"अख्ख्या तालुक्याची उधारी माफ केलास की रे," भावजी म्हणाले. कर्जमाफीच्या घोषणा त्यांनी पुष्कळ ऐकल्यात, इतकी बिनतक्रार अंमलबजावणी पहिल्यांदाच बघत होते.

"काकू, काल तर चालालतं!" पुतण्या माझ्याकडे धावत आला. हे वाक्य मी लॅबमध्ये इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकल्याबरोबर निम्मं निदान होतं. एकेक नोंद उघडून बघितली तर शेरा ठळक दिसतोय: बाकी. तरी यादीत काही नाही.

काल चाललं कारण शेरा कोडमधूनच येत होता. नोंद भरताना प्रोग्राम स्वतःच शेऱ्यात "बाकी" हा अवतरणातला मजकूर ठेवत होता, तुलना करतानाही "बाकी" अवतरणातलाच. दोन्ही पूलमधली एकच प्रत. रात्री सगळं फाइलमध्ये उतरलं, सकाळी फाइलमधून परत वाचलं, आणि वाचताना प्रत्येक शेऱ्याची नवी स्ट्रिंग बनली. मजकूर तोच, पत्ते सगळे वेगळे. डबल इक्वल टूनं इमानदारीत सांगितलं, यातलं एकही तुमच्या "बाकी" शी एक नाही. प्रोग्राम बंद पडला नाही, लाल अक्षरात काही ओरडला नाही. अडून बसला असता तर बरं झालं असतं. एडिटरनं त्या ओळीखाली पिवळी रेघ मारलेली होती म्हणे, पण पिवळ्या रेघेला डिप्लोमाच्या पोरांच्या लेखी किंमत नसते.

मी सांगायच्या आत त्यानं नेटवर शोधून आपला आपण उपाय केला. फाइलमधून वाचलेल्या प्रत्येक शेऱ्याला 'इंटर्न' ही क्रिया लावली. इंटर्न म्हणजे जावाला सांगायचं, हा मजकूर पूलमध्ये आहे का बघ. असेल तर तिथल्या प्रतीचा पत्ता दे, नसेल तर हाच तिथं ठेव. ती केल्यावर डबल इक्वल टू चालायला लागलं, यादी परत आली. मला तो उपाय पटला नाही. पुढं कधी मोबाइलवरून नोंद भरायची सोय झाली आणि त्या एका ठिकाणी इंटर्न लिहायचं राहिलं, तर मोबाइलवाल्यांची तेवढी उधारी माफ. तुलना चुकीची आहे ती आहेच. तिला बरोबर उत्तर मिळेल अशी परिस्थिती सगळीकडे राखत बसायचं, त्यापेक्षा इक्वल्स हे सहा अक्षरांचं नाव लिहावं. शिवाय इक्वल्स आत शिरल्यावर पहिली गोष्ट हीच करते की पत्ता एकच आहे का ते बघते. असेल तर अक्षरं न तपासता तिथंच 'खरं' म्हणून परत येते. म्हणजे वेगाच्या नावाखाली डबल इक्वल टूची वकिली करण्यातही फारसा दम नाही.

मग इंटर्निंग ठेवलंच कशाला, असं पुतण्यानं विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता. ही कल्पना जावाच्याही आधीची. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ च्या सुमाराला लिस्प भाषा घडवली, तिच्यात 'तीच वस्तू का' आणि 'तशीच वस्तू का' विचारायला दोन वेगळी नावं होती आणि एका नावाची खूण एकदाच ठेवायची रीतही होती. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये जावा लोकांपुढं आणली, तेव्हा मेमरी महाग होती आणि एकाच मजकुराच्या हजार प्रती ठेवणं परवडणारं नव्हतं. आडव्या दोन रेघा त्यांनी सी भाषेच्या वळणानं ठेवल्या, आणि सी मध्ये त्या रेघा पत्तेच ताडून बघतात. कोटलिन ही भाषा पुढं आली, जावाच्याच यंत्रावर चालणारी, तिच्या कर्त्यांनी हे दुरुस्त केलं: तिथं दोन रेघा मजकूर तपासतात आणि पत्ता तपासायचा असेल तर तीन रेघा माराव्या लागतात. पायथनमध्ये पत्त्यासाठी वेगळा शब्दच आहे. त्यामुळं मोबाइलचं ॲप कोटलिनमध्ये शिकून जावाच्या पेपरला बसलेलं पोरगं आणखीच गोंधळतं.

पूलचा इतिहासही सरळ नाही. जावा ६ पर्यंत इंटर्न केलेल्या स्ट्रिंग मेमरीच्या एका ठरावीक, आखूड भागात राहायच्या, त्याला पर्मजेन म्हणत. हौसेनं सगळंच इंटर्न करणाऱ्यांचा तो भाग भरायचा आणि प्रोग्राम मेमरी संपली म्हणून आडवा व्हायचा. २०११ मध्ये जावा ७ आली, तिनं या स्ट्रिंग मुख्य मेमरीत हलवल्या. २०१४ च्या जावा ८ मध्ये पर्मजेनच गेलं. पूल आतून एक तक्ता असतो, कप्प्याकप्प्यांचा. पूर्वी त्यात कप्पे होते १००९. लाखभर वेगवेगळे मजकूर त्यात कोंबले की एकेका कप्प्यात शंभर शंभर, आणि शोधाशोध मंद. पुढं कप्पे ६०,०१३ झाले, जावा ११ पासून ६५,५३६.

आणि मेमरीची काळजी अजून संपलेली नाही. जावा घडवणाऱ्या ओपनजेडीके प्रकल्पातल्या लोकांनी मोठमोठे जावा प्रोग्राम तपासले, तेव्हा वापरातल्या मेमरीपैकी सुमारे २५ टक्के जागा स्ट्रिंगनी व्यापलेली आढळली, आणि एकूण मेमरीच्या १३.५ टक्के जागा तर निव्वळ एकासारख्या एक असलेल्या जादा प्रतींनी. त्यावर त्यांनी जावा ८ च्या एका सुधारणेत वेगळी युक्ती आणली. मेमरीतला केरकचरा काढणारी जी यंत्रणा असते तीच जाता जाता सारख्या स्ट्रिंग हेरते आणि त्यांच्या आतला अक्षरांचा साठा एकच करून टाकते. वरचं वेष्टण मात्र दोघींचं वेगळंच राहतं, म्हणून डबल इक्वल टूचं उत्तर त्यानंही बदलत नाही. मला ही रीत इंटर्नपेक्षा आवडते. जागा वाचते आणि चुकीच्या कोडला आयतं अभय मिळत नाही.

देवनागरीवाल्यांसाठी एक हिशेब वेगळा आहे. २०१७ च्या जावा ९ पासून, स्ट्रिंगमध्ये रोमन अक्षरंच असतील तर एका अक्षराला एक बाइट. एकही देवनागरी खूण आली की त्या स्ट्रिंगमधल्या प्रत्येक खुणेला दोन. रेणापूर रोमनमध्ये लिहिलं तर सात अक्षरं, सात बाइट. देवनागरीत डोळ्याला चारच अक्षरं दिसतात, रे-णा-पू-र, पण जावाला लांबी विचाराल तर ती सातच सांगते, कारण तिच्या लेखी र वेगळा, एकाराची मात्रा वेगळी, ण वेगळा, काना वेगळा. सात खुणा, चौदा बाइट.

ही खुणांची भानगड भावजींच्या दुकानात पुन्हा उपटली. इक्वल्स लावून झालं, बाकीदार परत बाकीदार झाले. मग जुन्या वहीतली नावं एका टायपिंगवाल्याकडून टाइप करून आणली आणि नवीन नोंदी पुतण्या मोबाइलवर भरत होता, त्या दोन याद्या जुळवल्या. तेव्हा कुऱ्हाडे आडनावाचं एकच गिऱ्हाईक दोनदा आलं. निम्मी रक्कम एका नावावर, निम्मी दुसऱ्यावर. त्यांनी एका नावावरचे पैसे भरले, दुसरीकडे बाकी तशीच, आणि काउंटरवर पावती आपटून वाद. पुतण्या म्हणाला, या वेळी इक्वल्सच आहे, बघा. होतंच.

आता हे दोन शब्द बघा: कुऱ्हाडे, कुर्‍हाडे. छापल्यावर तुम्हाला फरक दिसणार नाही, दिसू नये अशीच रचना आहे. पण पहिल्यात जावा आठ खुणा मोजते आणि दुसऱ्यात नऊ. आपल्या 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' मधला तो आडवा अर्धा र, ज्याची हिंदीला गरज पडत नाही आणि आपल्याला शेतकऱ्यापासून सुऱ्यापर्यंत पावलोपावली पडते, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, म्हणजे खूण ०९३१, आणि त्याला हलन्त द्यायचा. दुसरी, साधा र घेऊन हलन्त आणि त्यापुढं एक अदृश्य जोडखूण. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे, तिची मांडणी आपल्याच इस्की प्रमाणावर बेतलेली. पुढं हा अर्धा र लिहायची रीत ऱ ची ठरली, पण आवृत्ती २.० च्या काळात जोडखुणेनं लिहून ठेवलेला मजकूर बिघडू नये म्हणून ती दुसरी रीतही ग्राह्य राहिली. एक कळफलक एक रीत उमटवतो, दुसरा दुसरी. टाइप करणाऱ्याला पत्ताही नसतो.

इक्वल्स एवढंच बघते की खुणांच्या रांगा जुळतात का. आठ आणि नऊ, लांबीच जुळत नाही, ती पुढं वाचतही नाही. जावात मजकूर प्रमाणित करायचं एक साधन आहे, नॉर्मलायझर नावाचं. ऱ हा र आणि नुक्ता असा सुटा लिहिलेला असेल तर ते साधन दोन्ही एक करतं, पण जोडखुणेचा र त्याच्या नियमात समान धरलेला नाही, त्यामुळं कुऱ्हाडे त्यानं सुटत नाहीत. अ वर चंद्र देऊन लिहिलेला 'अॅ' आणि २००८ मध्ये युनिकोडनं दिलेला सबंध 'ॲ', यांचंही तेच. म्हणजे कोर्टाच्या आवारातले ॲडव्होकेट सुद्धा यादीत दोनदा येऊ शकतात. मी पुतण्याकडून आठ-दहा ओळींची एक क्रिया लिहून घेतली: नाव आत आलं की र-हलन्त-जोडखूण दिसली तिथं ऱ-हलन्त करायचं, अ-चंद्राचा ॲ करायचा, मग नॉर्मलायझरमधून काढायचं, मागचापुढचा कोरा भाग छाटायचा, आणि मगच ते यादीत जाऊ द्यायचं. मराठी नावांच्या याद्या जुळवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामात या ओळी असायला हव्यात. सरकारी याद्यांमध्ये एकाच शेतकऱ्याची दोन नावं पाहिली की मला आधी या अदृश्य खुणेची शंका येते.

या साफसफाईनंतर उलटाच पेच आला. एकाच गावात, नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं एक असलेली दोन माणसं निघाली. वहीत भावजींनी एकापुढं 'मळ्यातले' आणि दुसऱ्यापुढं 'वेशीजवळचे' असं लिहून ठेवलं होतं. टायपिंगवाल्यानं ते गाळलं. आता मजकूर जुळतोय, माणूस वेगळा. इथं इक्वल्सचा काही उपयोग नाही. पुतण्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला खाते क्रमांक दिला, एक पासून पुढं, आणि शोध नावावरून न ठेवता क्रमांकावरून ठेवला. हे त्यानं बरोबर केलं.

महिनाभर सुरळीत चाललं. मग एक दिवस कारेपूरहून नवीन गिऱ्हाईक आलं, खातं उघडलं, क्रमांक १२८. दुपारी तो माणूस थोडे पैसे भरायला परत आला तर पडद्यावर 'असं खातं नाही'. १२७ पर्यंतचं कुठलंही खातं टाका, उघडतंय.

"एकशे अठ्ठाविसाव्यानं ह्याचं काय घोडं मारलंय?" भावजींनी विचारलं.

क्रमांक जुळवायला पुतण्यानं परत दोन रेघा मारल्या होत्या. साध्या अंकाला त्या चालतात. पण त्यानं क्रमांक 'इंटिजर' या वेष्टणात ठेवले होते, आणि वेष्टणातला अंक म्हणजे पुन्हा पत्ताच. तिथंही जावा स्ट्रिंग पूलसारखीच सोय करते: उणे १२८ ते १२७ पर्यंतचे अंक ती आधीच बनवून ठेवते आणि आपोआप वेष्टणात घालताना सगळ्यांना त्याच प्रती देते. २००४ च्या जावा ५ पासून हा नियम आहे, लहान अंक वारंवार लागतात म्हणून केलेला. म्हणून १२७ == १२७ खरं आणि १२८ == १२८ खोटं. दुकानात सव्वाशे खाती होईतो चूक झाकलेली राहिली.

पुतण्यानं रात्री नेटवर बसून आणखी एक शोध लावला. जावा सुरू करताना एक सूचना दिली तर ही १२७ ची मर्यादा वाढवता येते, आणि आपल्या दुकानाची खाती काही हजाराच्या वर जायची नाहीत, तर हजार करून टाकू. भावजींना ते लगेच पटलं. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढून घेतला.